नामे पाहुणी, क्रियापदे घरची : चॉकलेटच्या कुकीचे मराठी शास्त्र



स्मृतिव्याख्यानाच्या निमंत्रणपत्रिकेवर 'चॉकलेटची कुकी' हे शब्द वाचून आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने संतवाङ्मयावर बोलावे, पंडिती काव्यावर बोलावे, फार तर बडोद्यातील मराठी नाटकावर बोलावे. त्याने भट्टीतील खाऊवर बोलणे म्हणजे पायरी सोडणे, असेही कोणी म्हणेल. ज्या बाईंच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना मात्र हा विषय खचित आवडला असता. त्या या शाळेत विज्ञान मराठीतून शिकवीत. 'जे तुला तुझ्या भाषेत समजावून सांगता येत नाही, ते तुला अजून समजलेले नाही,' अशी त्यांची कसोटी असे. आज मी तीच कसोटी एका पूर्णतः परक्या पदार्थाला लावून पाहणार आहे. पदार्थ अमेरिकेतला, नाव परके, साहित्य निम्मे परके. त्याचे शास्त्र मराठीत सांगता येते काय, हा माझा प्रश्न आहे.

प्रश्न केवळ गमतीचा नाही. आपण गुजरातेत राहणारी मराठी माणसे. आपल्या घरांतून तिसरी-चौथी पिढी मराठी बोलते. वाचते कमी, लिहिते त्याहून कमी. अशा घरात भाषेचा शेवटचा मुक्काम देवघरात आणि स्वयंपाकघरात असतो. तेथूनही ती उठली, की पुढे ती आडनावापुरतीच उरते. माझी नात या पदार्थाची कृती मोबाइलवरील इंग्रजी चित्रफितीवरून शिकली. मला सांगताना ती म्हणाली, 'आजोबा, आधी बटर आणि शुगर क्रीम करायचं, मग एग बीट करायचं, मैदा फोल्ड करायचा आणि बेक करून कूल करायचं.' वाक्य मराठी होते, पण त्यात मराठी काय होते? 'आधी', 'आणि', 'मग' आणि 'करायचं'. या 'करायचं'कडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. त्याकडे मी पुढे वळेन. तत्पूर्वी पदार्थाची ओळख करून घेऊ.

पदार्थाचा जन्म

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात व्हिटमन नावाचे गाव आहे. तेथे रूथ वेकफिल्ड आणि त्यांचे पती केनेथ यांनी १९३० साली एक जुने घर विकत घेऊन 'टोल हाऊस इन' ही खाणावळ सुरू केली. रूथबाईंनी गृहशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतले होते आणि त्यांनी काही काळ अध्यापनही केले होते. त्यांच्या खाणावळीतील गोड पदार्थांची ख्याती दूरवर पसरली. १९३८च्या सुमारास त्यांनी लोणी व तपकिरी साखर यांच्या पिठात गोडसर चॉकलेटच्या वडीचे तुकडे मिसळून एक नवी कुकी केली. त्या वर्षीच्या त्यांच्या पाककृतींच्या पुस्तकात ती समाविष्ट आहे. १९३९ साली नेस्ले कंपनीने त्यांच्याशी करार केला आणि आपल्या चॉकलेटच्या वेष्टनावर ही कृती छापण्यास आरंभ केला. पुढे वडी फोडण्याचे श्रम वाचावेत म्हणून चॉकलेटचे तयार थेंब बाजारात आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घरोघरच्या आयांनी, बहिणींनी सैनिकांना पाठविलेल्या खाऊच्या पुडक्यांतून ही कुकी देशभर झाली. मूळ खाणावळ १९८४च्या अखेरीस आगीत नष्ट झाली. परंतु १९९७ साली मॅसॅच्युसेट्सने ही कुकी आपल्या राज्याची अधिकृत कुकी म्हणून जाहीर केली.

या जन्माविषयी एक दंतकथा प्रचलित आहे. बाईंकडील नेहमीचे चॉकलेट संपले, म्हणून त्यांनी दुसरे चॉकलेट फोडून घातले. ते विरघळेल अशी त्यांची समजूत होती. ते विरघळले नाही आणि अपघाताने नवा पदार्थ जन्मास आला, अशी ती कथा. रूथबाईंनी स्वतः मात्र आपण नवे काही द्यावे म्हणून हा प्रयोग जाणून-बुजून केला, असे सांगितलेले आहे. मला दंतकथेपेक्षा हेच अधिक पटते. चॉकलेट कोठल्या उष्णतेला कसे वागते, हे गृहशास्त्र शिकलेल्या बाईला ठाऊक नसेल, असे मानणे अवघड आहे. स्त्रीच्या हातून झालेल्या शोधाला अपघात म्हणण्याची सवय जगात सर्वत्र दिसते.

नावांचा प्रवास

आता शब्दांकडे पाहू. 'कुकी' हा शब्द इंग्रजीचा नव्हे. डच भाषेत 'कूक' म्हणजे केक आणि 'कूक्ये' म्हणजे छोटा केक. आजचे न्यूयॉर्क हे १६६४पर्यंत न्यू ॲमस्टरडॅम नावाची डच वसाहत होते. तेथील डच घरांतून हा शब्द अमेरिकन इंग्रजीत शिरला. 'बिस्किट' हा शब्द लॅटिनमधून आला. त्याचा अर्थ 'दोनदा भाजलेले'. आपण चहात बुडवून खातो तो बेकरीतला टोस्ट खऱ्या अर्थाने बिस्किट होय, कारण तो दोनदा भाजतात. आपला 'पाव' पोर्तुगीज 'पाँव'वरून आला, हे सर्वश्रुत आहे. 'चॉकलेट' मेक्सिकोच्या भूमीतून स्पॅनिश भाषेच्या वाटेने जगात पसरले.

आणि आपल्या शेजारची नानकटाई? 'नान' हा फारसी शब्द, अर्थ रोटी. 'खटाई' या उत्तरार्धाविषयी विद्वानांत एकवाक्यता नाही. पण सुरतेची परंपरा अशी, की सतराव्या शतकापासून तेथे वखार असलेल्या डचांच्या भट्टीचा वारसा पुढे एका पारशी कुटुंबाकडे आला आणि त्या भट्टीतून नानकटाई घडली. म्हणजे एकीकडे हडसन नदीच्या मुखाशी आणि दुसरीकडे तापीच्या मुखाशी, दोन्ही ठिकाणी डच भट्टीचा धूर आहे. चॉकलेटची कुकी आणि नानकटाई या दूरच्या नात्यातल्या बहिणी आहेत, असे मी म्हटले तर ती अगदीच अतिशयोक्ती होणार नाही.

यावरून निष्कर्ष निघतो तो असा, की खाद्यपदार्थांची नामे मुळातच फिरस्ती असतात. ती सर्व भाषांनी सर्वांकडून घेतली आहेत. म्हणून 'कुकी'ला मराठी प्रतिशब्द घडवावा, असा आग्रह मी धरणार नाही. पाहुण्याचे नाव बदलून त्याला घरात घेणे हे आतिथ्य नव्हे. मात्र पाहुणा घरात आल्यावर घरची माणसे आपापली कामे सोडून उठून जात नाहीत. भाषेच्या घरातील कामाची माणसे म्हणजे क्रियापदे. ती जागेवर आहेत काय, ते आता पाहू.

कृती

शास्त्र सांगण्यापूर्वी कृती सांगितली पाहिजे. कमलाबाई ओगले यांच्या १९७० सालच्या 'रुचिरा'ने वाटी-चमच्याचे प्रमाण घरोघर रुळवले. परंतु प्रत्येक घरची वाटी वेगळी आणि भट्टीच्या पदार्थाला प्रमाणातील फरक सहन होत नाही. म्हणून येथे वजने देतो. वीस-बावीस मध्यम कुकींसाठी मैदा १४० ग्रॅम, लोणी ११५ ग्रॅम, पांढरी साखर ७५ ग्रॅम, तपकिरी साखर ८० ग्रॅम, अंडे १, खाण्याचा सोडा अर्धा चहाचा चमचा, व्हॅनिला इसेन्सचे काही थेंब आणि चॉकलेटचे तुकडे १५० ग्रॅम. लोणी बिनमिठाचे असेल तर दोन चिमटी मीठ. बाजारचे पिवळे लोणी खारे असते, त्याला मीठ नको.

मैदा आणि सोडा एकत्र चाळून घ्यावा. लोणी बोटाने दाबले असता खळगा पडेल इतपत मऊ असावे, वितळलेले नसावे. त्यात दोन्ही साखरा घालून रंग फिकट होईपर्यंत फेसावे. अंडे व इसेन्स घालून घोटावे. मग मैदा घालून हलक्या हाताने, कोरडे पीठ दिसेनासे होईपर्यंतच, कालवावे. चॉकलेट मिसळावे. पीठ झाकून शीतकपाटात किमान तासभर, जमल्यास रात्रभर ठेवावे. लिंबाएवढे गोळे परस्परांपासून दोन-दोन इंच अंतरावर ताटात मांडावे आणि आधी तापवून ठेवलेल्या ओव्हनमध्ये १८० अंश सेल्सिअसला १० ते १२ मिनिटे भाजावे. कडा खरपूस दिसू लागल्या आणि मध्यभाग अजून कच्चट वाटत असला, की बाहेर काढावे. पाच मिनिटे ताटातच निवू द्यावे, मग जाळीवर काढावे.

ज्यांच्याकडे अंडे चालत नाही त्यांनी त्याऐवजी तीन मोठे चमचे दूध आणि एक चमचा घट्ट दही घ्यावे. कुकी थोडी अधिक ठिसूळ होते, पण होते.

आता या कृतीतील एकेक क्रियापद तपासू.

फेसणे

इंग्रजीत ज्याला 'क्रीम करणे' म्हणतात, त्यातून काय घडते हे कळत नाही. साय आणि हा विधी यांचा संबंध बाहेरचा माणूस ओळखू शकणार नाही. आपला शब्द 'फेसणे'. वस्तूत हवा भरून फेस आणणे, हा त्याचा उघड अर्थ. आणि शास्त्र नेमके हेच सांगते. साखरेचे टोकदार कण मऊ लोण्यातून फिरतात तेव्हा त्यात हवेच्या असंख्य सूक्ष्म पोकळ्या पडतात. पुढे ओव्हनमध्ये सोड्यातून निघणारा वायू नवे बुडबुडे निर्माण करीत नाही. तो याच पोकळ्या फुगवतो. म्हणून आधी फेसले नाही, तर नंतर सोडा कितीही घातला तरी उपयोग नसतो.

आपली गुजराती शेजारीण नानकटाईसाठी तूप 'फीणते'. 'फीण' म्हणजे फेस. संस्कृत 'फेन' त्याच्या मुळाशी आहे. दोन्ही भाषांनी एकाच निरीक्षणावरून क्रियापद घडवले. दिवाळीच्या आधी माझी आई परातीत तळहाताने तूप फेसत असे आणि ते पांढरेशुभ्र झाले की गोळे करून ताट भट्टीवाल्याकडे पाठवीत असे. त्या काळी घरी ओव्हन नव्हता. भट्टी परक्याची आणि पीठ घरचे, अशी वाटणी होती. तुपाचा रंग पालटणे ही आत हवा भरल्याची खूण आहे, हे तिला कोणी पुस्तकातून सांगितलेले नव्हते.

येथे बडोद्याच्या उन्हाळ्याचा एक इशारा. मे महिन्यात आपले स्वयंपाकघर ४० अंशांच्या आसपास असते आणि लोणी त्याच्या बरेच आधी पातळ होते. पातळ स्निग्धात हवा टिकत नाही. म्हणून उन्हाळ्यात हे काम पहाटे करावे आणि परात थंड पाण्यात ठेवावी.

मोहन घालणे आणि तिंबणे

मैद्यात ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही दोन प्रथिने असतात. त्यांना पाणी मिळाले आणि ती मळली गेली, की त्यांचे जाळे बनते. त्यास ग्लुटेन म्हणतात. हे नाव मी परके ठेवतो, पण कामाला आपल्याकडे जुने शब्द आहेत. पुरणपोळीची कणीक आपण पाणी आणि तेल लावून 'तिंबतो', कारण तेथे जाळे हवे असते. ते नसेल तर पोळी फाटेल आणि पुरण बाहेर येईल. याउलट शंकरपाळी आणि करंजीच्या पिठात आपण आधी 'मोहन' घालतो. गरम तूप पिठाच्या कणाकणाला चोळले, की त्यावर स्निग्धाचे कवच चढते, पाणी आत पोहोचत नाही आणि जाळे लांबत नाही. मोहन पुरेसे झाले की नाही हे पाहण्याची रीत सर्व घरांत एकच : पीठ मुठीत दाबावे, मुटका वळला पाहिजे. गुजरातीत यालाच 'मोण' म्हणतात.

इंग्रजीतही अशा स्निग्धास 'शॉर्टनिंग' म्हणतात, म्हणजे आखूड करणारे. कल्पना तीच. कुकीतील ११५ ग्रॅम लोणी हे या अर्थी मोहनच होय. मैदा घातल्यावर हलक्या हाताने कालवावे, मळू नये, असे कृतीत सांगितले ते यासाठी. ज्या मुलीला तिंबणे आणि कालवणे यांतला भेद ठाऊक आहे, तिला हे कारण एका वाक्यात कळते. जिला दोन्हीसाठी 'मिक्स करणे' एवढाच शब्द ठाऊक आहे, तिला ते नव्याने शिकवावे लागते.

लोण्याऐवजी साजूक तूप वापरले तर काय होईल? लोण्यात सुमारे ८० टक्के स्निग्ध आणि १६ टक्के पाणी असते; तुपात पाणी जवळजवळ नसते. पाणी नाही म्हणून जाळेही नाही. कुकी अधिक खुसखुशीत होईल, म्हणजेच ती नानकटाईच्या दिशेने सरकेल.

मुरणे

पीठ शीतकपाटात का ठेवायचे? टोल हाऊसमध्ये पीठ रात्रभर गार ठेवीत असत, अशी नोंद रूथबाईंच्या पुस्तकात आहे. या अवधीत तीन गोष्टी होतात. लोणी पुन्हा घट्ट होते, त्यामुळे कुकी ओव्हनमध्ये एकदम ओघळत नाही. अंड्यातील पाणी पिठाच्या कणांत सावकाश शिरते. आणि चव एकजीव होते. आपल्याकडे लोणचे मुरते, अनारशाचे पीठ मुरते, रवा भिजवून मुरत ठेवतात. 'मुरणे' हे एकच क्रियापद या तिन्ही गोष्टी सांगते आणि शिवाय चौथीही : हे काम आपण करीत नाही, काळ करतो, आपण फक्त वाट पाहायची.

फुगणे, पसरणे आणि धरणे

ओव्हनमध्ये जे घडते ती एक शर्यत असते. प्रथम लोणी वितळते आणि गोळा पसरू लागतो. त्याच वेळी सोडा कामास लागतो. तपकिरी साखर म्हणजे उसाची मळी लावलेली साखर. आपल्या काकवीच्या कुळातली. मळी किंचित आंबट असते. तिच्याशी सोड्याचा संयोग झाला की कार्बन डायऑक्साइड निघतो आणि पीठ फुगते. दुसरीकडे अंड्यातील आणि मैद्यातील प्रथिने उष्णतेने घट्ट होऊ लागतात, म्हणजे कुकी 'धरते'. पसरणे आधी संपले तर कुकी जाड राहते. धरणे उशिरा झाले तर पातळ चकती होते. पीठ गार असेल तर पसरण्यास वेळ लागतो आणि धरण्यास अवसर मिळतो. पांढरी साखर वाढवली तर कुकी पसरट व कुरकुरीत होते. तपकिरी साखर ओलावा धरून ठेवते, म्हणून ती वाढवली तर मऊ होते. सोडा जास्त झाला तर साबणासारखी तुरट चव येते. भज्यांच्या पिठाचा अनुभव असलेल्यांना हे सांगणे नको.

चॉकलेट का ओघळत नाही, हेही येथेच सांगतो. कोकोचे लोणी सुमारे ३४ अंशांना वितळते, म्हणजे शरीराच्या उष्णतेच्या किंचित आधी. चॉकलेट जिभेवर विरघळते ते यामुळे. ओव्हनमध्ये तेही मऊ होतेच. पण थेंबांत कोकोचे लोणी कमी राखलेले असते आणि भोवतालचे पीठ त्यांना हलू देत नाही, म्हणून आकार टिकतो. चाकूने चिरलेल्या वडीचे तुकडे थोडे अधिक पसरतात आणि कुकीत चॉकलेटच्या शिरा दिसतात. खरेदी करताना वेष्टनावर कोकोच्या लोण्याऐवजी वनस्पती तेल लिहिलेले नाही ना, एवढे पाहावे.

खरपूस होणे आणि निवणे

कडांचा तांबूस रंग आणि तो घरभर पसरणारा वास कोठून येतो? प्रथिनांचे घटक आणि काही शर्करा उष्णतेने परस्परांशी संयोग पावतात आणि शेकडो नवी सुगंधी द्रव्ये तयार होतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मेयार यांनी १९१२ साली या प्रक्रियेचे वर्णन केले, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. सुमारे १४० अंशांच्या पुढे ती वेगाने होते. आणखी वर साखरेचे स्वतःचे कॅरमल होऊ लागते. शास्त्राला हे नाव १९१२नंतर मिळाले. 'खरपूस' आणि 'खमंग' ही विशेषणे आपल्याकडे होतीच. दोन्ही शब्दांत वास आणि चव एकत्र आहेत, आणि 'करपणे' या शब्दाने मर्यादाही आखून दिलेली आहे. खरपूस आणि करपलेले यांत ओव्हनमध्ये दोन मिनिटांचे अंतर असते.

शेवटी निवणे. बाहेर काढलेली कुकी मऊ असते, म्हणून नवखा माणूस ती पुन्हा आत ठेवतो आणि ती दगडासारखी होते. वस्तुतः ताटाच्या उष्णतेवर ती काही क्षण शिजतच असते आणि निवताना साखर व लोणी घट्ट होऊन तिला कुरकुरीतपणा येतो. कढईतून काढलेली शंकरपाळीही आधी मऊ लागते आणि निवल्यावर खुटखुटीत होते. आमच्या घरात मुलांना सांगण्यात येई, 'निवू दे, मग हात लाव.' त्यात बोटे भाजू नयेत एवढीच काळजी नव्हती. पदार्थ अजून पुरा झालेला नाही, असेही त्यात सांगितलेले होते.

'करणे'चे साम्राज्य

आता नातीच्या त्या वाक्याकडे वळतो. परकी नामे भाषेत आली की ती तिच्या व्याकरणात बसतात : कुकीला, कुकीत, कुकीवर. विभक्ती लागली की नाम घरचे झाले. क्रियापदाचे तसे होत नाही. परके क्रियापद सहसा एकटे येत नाही. ते 'करणे'चा हात धरून येते. क्रीम करणे, बीट करणे, मिक्स करणे, बेक करणे, कूल करणे. पाच निरनिराळ्या कृतींची मराठी एकाच 'करणे'त आटोपते आणि फेसणे, घोटणे, कालवणे, भाजणे, निववणे ही पाच माणसे घराबाहेर पडतात.

यात काय बिघडले, असे कोणी विचारील. बिघडते ते असे. मराठीत पदार्थ निवतो आणि आपण तो निववतो. पीठ मुरते आणि आपण ते मुरवतो. फुगते आणि फुगवतो. वस्तू आपणहून काय करते आणि आपण तिला काय करावयास लावतो, हा भेद आपल्या क्रियापदाच्या रूपातच आहे. पाककला म्हणजे तरी याहून वेगळे काय? कोठे हात चालवायचा आणि कोठे आवरायचा, हे कळणे. 'करणे' आणि 'होणे' या जोडीने काम भागते, हे मी मान्य करतो. परंतु ते काम कसे झाले, हे त्या जोडीत सांगितलेले नसते. फेसण्यात फेस आहे. 'क्रीम करण्या'त मराठी मुलाला काहीही दिसत नाही.

न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मराठीजवळ सर्व काही आहे, असा दावा मी करीत नाही. इंग्रजी 'च्युई' या शब्दाला आपल्याकडे सरळ शब्द नाही. 'चिवट' म्हटले तर निंदा होते, 'चिकट' म्हटले तर अर्थ बदलतो. कुरकुरीत, खुसखुशीत, खुटखुटीत, ठिसूळ, लुसलुशीत अशी विशेषणांची रास असलेल्या भाषेत ही एक जागा रिकामी आहे, कारण दाताखाली किंचित ताण देणारा गोड पदार्थ आपण फारसा केला नाही. तसेच 'भाजणे' या शब्दात तवा, निखारा, कढई आणि भट्टी सारे येते. 'बेक' हा शब्द अधिक नेमका आहे. गरज असेल तेथे शब्द घ्यावा. असलेला शब्द फेकून घेऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

बडोद्याला ही जाण नवी नाही. १९३१ साली येथील संस्थानाने 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू' हा राज्यकारभारातील शब्दांचा बहुभाषी कोश प्रसिद्ध केला. इंग्रजी संज्ञांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली पर्याय त्यात शेजारी-शेजारी मांडलेले आहेत. कारभाराची नामे घडवण्यासाठी राजाश्रय, पंडित आणि मुद्रणालय लागले. स्वयंपाकघराच्या क्रियापदांना यांतले काही लागत नाही. ती कोशात आहेतच. पण कोशातील क्रियापद हे खुंटीवर टांगलेल्या रवीसारखे असते. कोणीतरी ती हातात घ्यावी लागते.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी एक व्यावहारिक सूचना आहे. मुलांना मराठी यावी म्हणून त्यांच्यासमोर व्याख्याने देऊ नका. त्यांना जे करायचे आहे ते त्यांच्याबरोबर करा. ती कुकी करतील, पिझ्झा करतील, करू द्या. चॉकलेटला चॉकलेट म्हणू द्या आणि ओव्हनला ओव्हन. फक्त हात चालत असताना आपण म्हणावे, 'आता फेस. अजून फेस, रंग बदलेपर्यंत. आता नुसते कालव, मळू नकोस. आता मुरू दे.' आणि मुलाने 'का?' विचारले, की त्याचे उत्तरही मराठीत द्यावे. उत्तर ठाऊक नसेल तर दोघांनी मिळून शोधावे. नाम कानाने शिकता येते. क्रियापद हाताने शिकावे लागते, आणि हाताने शिकलेले सहसा विसरत नाही.

बाईंची कसोटी आपण आज एका परक्या पदार्थाला लावली. माझ्या मते मराठी या परीक्षेत उत्तीर्ण झाली आहे. एखाद-दुसरा गुण गमावला असेल, तो मी लपवलेला नाही. परीक्षा यापुढे आपली आहे.